मागच्या दांड्याची पिन

मिस्त्रींच्या शर्टाला डावीकडे एकच खिसा असायचा आणि त्या खिशाला एक कायदा होता. विमानातून जे काही काढलं जाईल, मग तो बोल्ट असो, वायसर असो की करंगळीएवढी पिन, ते त्या खिशात जायचं. आणि विमान उडायच्या आधी तो खिसा रिकामा व्हायचा. त्यात पेन नाही, रुमाल नाही, काही नाही. फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये एकतीस वर्षं त्यांनी हा कायदा पाळला. घराची किल्ली विसरतील, छत्री विसरतील, एकदा तर सख्ख्या मेहुण्याला बसस्टँडवर विसरून आले होते, पण खिसा कधी विसरले नाहीत. क्लबचे मेंबर त्यांची बाकीची बडबड या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. पण निघायच्या वेळी मिस्त्रींनी खिशावर थाप मारून "रिकामा" म्हटलं, की बिनघोर उडायचे.

घरी या कायद्यावर देखरेख बायकोची. तिची स्वतःची लाँड्री होती आणि लोकांचे खिसे उलटे करून बघण्यात तिची वीस वर्षं गेली होती. चाव्या, पेनं, प्रेमपत्रं, आणि एकदा एका सभ्य गृहस्थाची वरची कवळी, असं काय काय तिच्या हाताला लागलं होतं. नवऱ्याचा खिसा तर ती शर्ट अंगात असतानाच बघायची. मिस्त्री संध्याकाळी दारात आले की ती आतून दार लावून घ्यायची, तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "खिसा." मिस्त्री मुकाट्याने खिसा बाहेर ओढून दाखवायचे. एकतीस वर्षांत त्यातून धूळ सोडून काही निघालं नव्हतं. तरी तिने बघायचं सोडलं नाही आणि मिस्त्रींनीही कधी कुरकुर केली नाही.

त्यांना एकच लेक. ती बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायची, आणि सात वर्षांचे सगळे रविवार तिने बापाच्या क्लबात विमान शिकण्यात घातले. बापाने सवलत म्हणून काही दिली नाही. उलट पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझ्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवशील तर हँगरमध्ये पाऊल टाकू नकोस. मी घट्ट केलेला बोल्टसुद्धा हात लावून बघायचा." लेकीने ते मनावर घेतलं. एवढं मनावर घेतलं की कधी कधी मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. शेवटी लायसन्स हातात आलं, तेव्हा तिने घरी येऊन जाहीर केलं की पहिली पॅसेंजर आईच.

आई म्हणाली, "मी नाही."

क्लबचं ते विमान म्हणजे एकामागे एक अशा दोन सीटांचं. पुढे पायलट, मागे पॅसेंजर, आणि पॅसेंजरचे गुडघे पायलटच्या पाठीला लागलेले. विमान वळवायचा, वर-खाली करायचा दांडा दोन्ही सीटांपुढे असतो, कारण शिकवायलाही तेच विमान वापरतात. पण साधा माणूस मागे बसणार असेल तर मागचा दांडा काढून ठेवायचा, ही क्लबची पद्धत. त्याला कारण घडलं होतं. फार पूर्वी एका जाडजूड पाहुण्याने वर गेल्यावर घाबरून तो दांडा छातीशी असा धरला की पायलटच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून पॅसेंजर बसला की मिस्त्रींनी आत वाकायचं, पट्टे आवळायचे, दांड्याच्या बुडाची पिन ओढायची, खिशात टाकायची, दांडा नळीतून उपसून पिशवीत घालायचा आणि शेवटी पिनही त्याच पिशवीत. हजार वेळा तरी केलं असेल. त्यांच्या हातांना आता ते सांगावं लागत नसे.

हे सगळं लेकीने आईला समजावून सांगितलं.

"म्हणजे तुझ्यापुढे दांडा, आणि माझ्यापुढे?" आईने विचारलं.

"तुझ्यापुढे मी."

"तुझी पाठ. पाठीचं मी काय करू? तुला एकदा शिंका सुरू झाल्या की सलग अकरा येतात. मी मोजल्यात. अकरा शिंका होईपर्यंत विमान कोण धरणार?"

"आई, खिडकी आहे ना तुला, बाहेर बघ."

"खिडकीने विमान उतरतं का गं?"

मिस्त्री हसले, पण रात्रभर तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. गेली एकतीस वर्षं ते मागच्या सीटवरच्या माणसाचा दांडा काढून घेत होते आणि त्या माणसाला कसं वाटत असेल, हे त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. सकाळी उठून ते थेट मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे क्लबचे विमान शिकवणारे. माणूस कडक, हसला तरी मिशीच्या आत हसणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दांडा मागे राहू दे. पण तुमच्या मंडळी आधी शिकतील, मी परीक्षा घेईन, मगच."

मग मिस्त्रींना चेवच चढला. मागच्या सीटजवळचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दट्ट्या, कुणीतरी कधीकाळी काढून माळ्यावर टाकला होता. तो शोधून, घासूनपुसून पुन्हा बसवला. बोलण्यासाठी मागे बटण दिलं. काय करायचं ते चार ओळींत लिहून पुढच्या सीटच्या पाठीवर चिकटवलं, तर नवीनच भानगड निघाली. बायकोने जवळचा चष्मा घातला तर बाहेरचं आभाळ दिसेना आणि लांबचा घातला तर पाटी वाचता येईना. शेवटी मिस्त्रींनी ब्रश घेऊन अंगठ्याएवढी अक्षरं रंगवली. त्या अक्षरांत चार ओळी मावेनात म्हणून दोनच राहिल्या: बाहेर बघ. बटण दाबून बोल.

शिकवणी स्वयंपाकघरात. एकामागे एक दोन खुर्च्या, पुढच्या खुर्चीत लेक, मागच्या खुर्चीत आई आणि आईच्या हातात लाटणं. मिस्त्री समोर उभे राहून दोन हात आडवे धरायचे. ते हात म्हणजे जमीन आणि आभाळ मिळतात ती रेघ. रेघ कलली की बायकोने लाटणं उलट बाजूला न्यायचं. हे तिला दोन दिवसांत जमलं. लाँड्रीत इस्त्री फिरवून तिचा हात मुळातच हलका होता.

खरी गोची पुढे होती. "आता मी बेशुद्ध," असं म्हणून लेकीने मान टाकली, की आई लाटणं फेकून उठायची आणि तिचे गाल थोपटायला लागायची.

"पडलं विमान," मिस्त्री म्हणायचे.

"पडू दे. पोरीला बघू की लाटणं धरू?"

"लाटणं धर."

"माझी पोर मान टाकते आणि मी बाहेर आभाळ बघत बसू? तुम्हाला तरी जमेल का हो?"

मिस्त्रींना जमलं असतं का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण ते रोज शिकवत राहिले. रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात दहा-बारा वेळा विमान पडायचं आणि मग सगळे जेवायला बसायचे. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लेकीने मान टाकली, तर आई उठली नाही. ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून ती समोरच्या हातांकडे बघत राहिली आणि लाटणं तसूभरही हललं नाही. "मी धरलंय," ती म्हणाली. मिस्त्रींचे हात खांद्यापासून दुखायला लागले तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी पढवून ठेवली होती. "सीटवर बसलीस की सगळ्यात आधी दांडा वर ओढून बघायचा. हलला पाहिजे, पण निघता कामा नये. निघाला तर पिन नाही असं समज. तसं उडायचं नाही."

मास्तरांनी परीक्षा घेतली. पास करताना ते मिशीच्या आत हसले, असं लेक म्हणते.

रविवार उजाडला तो असा स्वच्छ की बोट लावलं तर डाग पडेल. मिस्त्रींनी पहाटेच हँगर उघडलं, विमान नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं, मागचा दांडा नळीत बसवला, पिन लावली, ओढून बघितली. आठच्या सुमाराला मायलेकी आल्या. व्हरांड्यात चहाचे कप घेऊन मेंबर जमले होते. मिस्त्रींची मंडळी उडणार म्हणजे सोहळाच. बायको शिडीवरून मागच्या सीटमध्ये उतरली, मिस्त्री आत वाकले आणि तिचे पट्टे आवळायला लागले.

"फार घट्ट नका करू, श्वास घ्यायचाय मला."

"घे की. कोण नको म्हणतंय?"

"तुमचं लक्ष कुठं आहे?"

"तुझं बघ आधी."

असं दोघांचं चाललेलं, तोंडाने बोलणं आणि हाताने काम. तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली, चाकाखालचे ठोकळे काढायला या म्हणून. मिस्त्री तसेच वळले आणि पुढे गेले. ते चाकाशी वाकले असताना लेक पुढच्या सीटवरून टुणकन उडी मारून हँगरकडे पळाली.

"काय राहिलं?"

"गॉगल," तिने पळता पळता सांगितलं.

गॉगल तिच्या डोक्यावर होता. मिस्त्रींच्या मनात आलं, पोर गोंधळलीय, आईला घेऊन जायचं म्हणजे काही चेष्टा नाही. ती परत आली, आईकडे वाकून काहीतरी खुडबुड केली आणि पुढे बसली. पंखा फिरला. मिस्त्री एका हातात ठोकळे आणि दुसऱ्या हाताने टाटा करत म्हणाले, "रिकामा." तोंडाने म्हणाले. थाप मारायला हातच मोकळा नव्हता. विमान गवतावरून धावलं, उचललं गेलं, आणि मागच्या काचेतून बायकोचा हात दिसला न दिसला तोच झाडांच्या वर निघून गेलं.

मिस्त्रींनी ठोकळे खाली ठेवले. मघाची राहिलेली थाप त्यांनी आता छातीवर मारली. तळहाताला काहीतरी टोचलं.

खिशात पिन होती.

काय झालं ते त्यांना लख्ख उमगलं. पट्टे आवळले आणि हातांनी पुढचं कामही उरकून टाकलं, हजार वेळा केलं तसं: पॅसेंजर बसला, पिन ओढली, खिशात टाकली. दांडा उपसायचा तेवढा हाकेमुळे राहून गेला. म्हणजे दांडा नळीत नुसता उभा होता. हलवला तर काम करेल, पण जरा जोर लावून वर ओढला की सरळ हातात येईल. ज्या बायकोला तीन आठवडे सांगितलं की लेकीकडे बघू नकोस, दांडा धर, तिच्या हातात त्यांनी स्वयंपाकघरातलं लाटणंच दिलं होतं.

आता खोटं कशाला बोला, एक विचार त्यांच्या मनात आला. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. लेकीला काय धाड भरणार आहे? उतरल्यावर आत वाकायचं, पट्टे सोडता सोडता पिन लावून टाकायची, कुणाला कळणार नाही. एकतीस वर्षं कमावलेलं नाव होतं, आणि व्हरांड्यात सगळा क्लब बसला होता. रेडिओ मास्तरांच्या टेबलावर, त्याचा भोंगा बाहेर. रेडिओवर बोललेला शब्द न् शब्द चहाच्या कपापर्यंत ऐकू जायचा. पण मग त्यांना त्या अकरा शिंका आठवल्या. ते पळत सुटले. एकसष्टाव्या वर्षी माणूस असा पळतो हे बघून मेंबर उठून उभे राहिले.

त्यांनी मास्तरांच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"बाळ, मी बोलतोय. मागच्या दांड्याची पिन माझ्या खिशात राहिलीय. आईला सांग, दांडा वर ओढू नकोस, हातच लावू नकोस. तू सावकाश वळ आणि परत ये. चूक माझी आहे."

भोंगा खरखरला. व्हरांड्यात कुणी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"पिन लागलेली आहे, बाबा," लेकीचा आवाज आला, अगदी बस कितीला सुटते ते सांगावं इतका शांत. "दोघींनी ओढून बघितली. तुमच्या खिशातली जादाची असेल. आणि दांडा आत्ता आईच्याच हातात आहे. मी माझे हात मांडीवर ठेवलेत."

मग बटण दाबल्याचा खट्ट आवाज आणि बायकोचा आवाज: "बाहेर बघतेय मी. मध्ये बोलू नका."

व्हरांड्यात हशा पिकला. मिस्त्री टेबलाला धरून खुर्चीत बसले. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की डोळ्यांना धार लागली आणि रुमाल कुठे ठेवलाय ते आठवेना. मास्तरांनी आपला रुमाल पुढे केला.

जरा वेळाने ते उठून हँगरमध्ये गेले. जादाची म्हणे. ती पिन त्यांनी स्वतः घडवली होती, एकूण तीन, एकसारख्या. एक विमानात आणि दोन बाकाच्या खणातल्या पत्र्याच्या डब्यात. त्यांनी डबा उघडला. आत एकच होती.

डोक्यावरचा गॉगल त्यांच्या डोळ्यांपुढे आला. बायकोने दांडा ओढला असणार, तो निघाला असणार, तिने लेकीच्या कानाला लागून सांगितलं असणार. आणि लेक पळत येऊन या खणातून पिन घेऊन गेली. मिस्त्रींनी डबा बंद केला. आपण आता म्हातारे झालो, हात आपल्याला विचारत नाहीत, आपलं काम संपलं, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. वाईटही वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक मोठं सुख होतं, आणि ते वर यायला फार वेळ लागला नाही. आपल्यामागे कुणी नाही, चुकलो तर संपलं, हे ओझं घेऊन त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. आणि इथे त्यांनीच शिकवलेल्या दोघींनी त्यांनाच तपासून टाकलं होतं, तेही त्यांना न कळू देता.

ते परत मास्तरांकडे आले. "जादाची नव्हती ती," म्हणाले. "पोर मला सांभाळून घेतेय. पिन मीच काढली होती, सवयीने. त्यांनी खणातली दुसरी लावली."

"तरीच," मास्तर म्हणाले. "गॉगल तर डोक्यावरच होता तिच्या." मग मिशी हलली. "मिस्त्री, तुम्ही माइक उचलला नसतात, तर मी तुम्हाला उद्यापासून घरी बसवलं असतं. आता बसायचं नाही. फक्त तुमचा खिसा दुसऱ्या कुणीतरी बघायचा."

विमान उतरलं ते हलकेच, दोनदा उडी मारून. पंखा थांबला. बायको शिडीवरून खाली आली तेव्हा तिचे केस चहूकडे उडालेले, चष्मा कपाळावर आणि तोंडावर असं हसू की मिस्त्रींनी ते लेकीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली. "नऊ मिनिटं मी एकटीने धरलं. ही मेली पुढे बसून शिंकत होती."

"किती?"

"सातच. पण मी नाही बघितलं तिच्याकडे."

मिस्त्रींनी तिचा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "पिन नाही हे तुला कळलं, मग मला का नाही सांगितलंस? मी दोन पावलांवर तर होतो."

बायकोने व्हरांड्याकडे एक नजर टाकली. सगळे तिकडेच बघत होते. "चारचौघांत मी तुमचा खिसा कधी तपासलाय का?" ती हळूच म्हणाली.

इतकी वर्षं ती दार लावून घेते ती वाऱ्यासाठी, असंच मिस्त्री समजत होते. त्यांनी खिशातली पिन काढली, हात उंच करून व्हरांड्यातल्या सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली.

"अहो, बघताहेत सगळे."

"बघू देत. नीट तपास. माझ्या शब्दावर जाऊ नकोस."

तिने पिन लेकीकडे दिली. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून, भर उन्हात, सगळ्या क्लबसमोर तिने नवऱ्याच्या खिशात हात घातला, चारही कोपरे चाचपले आणि वळून मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रिकामा."